तौसीफ, तू विचारलंस म्हणून

कुठला घेऊ, विचारतोस.
तीन वापरले मी सोहारला, सात वर्षांत.
सांगतो. घाई असेल तर शेवटचं तेवढं वाच.

पहिला वायरीचा. नऊशे बैसा.
मासळीबाजारामागच्या बलुची दुकानदाराकडचा,
तो रबराच्या टोप्या वेगळ्या मोजून देतो.
आवाज पत्र्याचा. तुझी चाची त्यातून बोलली
की वाटायचं, तेलाच्या डब्यात तोंड घालून बोलतेय,
आणि रागावलीय.
ती रागावलेली नसायची. बहुतेक.
वीस मिनिटांनी टोचतो, नवा बूट टाचेला टोचतो तसा.
टिकाऊपणाचं विचारू नकोस :
जुलैच्या घामाने तांबं हिरवं पडतं,
पिनेजवळ वायर मान टाकते,
मग एक कोन सापडतो, अंगठ्याने दाबून धरायचा.
त्या कोनात अख्खी ईद ऐकली मी.

दुसरा बिजूमोनचा.
त्याचा एक्झिट लागला, बॅग दोन किलो जास्त भरली,
तर हा, एक इस्त्री आणि अर्धी लोणच्याची बरणी
माझ्या खाटेवर ठेवून गेला.
स्पंजाची बोंडं. चिमटीत दाबून कानात सोडायची,
सावकाश फुगतात, भिजत घातलेल्या चण्यासारखी.
कुशीवर झोपलोय त्यात, पहाटेपर्यंत.
खर्ज मात्र इतका
की चाचीच्या बोलण्याला मिशा फुटतात.
पण टिकला. दोनदा पँटच्या खिशातून
वॉशिंग मशीनमध्ये फिरून आला,
उन्हात वाळवला, पुन्हा बोलू लागला.
थोडा साबणाचा वास.

तिसरा बिनवायरीचा. एकोणीस रियाल. हो, एकोणीस.
(बोनसचा महिना होता. तुझ्या अब्बांना सांगू नकोस.)
तो खोलीच पुसून टाकतो.
एसीची घरघर गेली. टेकबहादूरचं घोरणं गेलं,
ज्याने भिंतीवरचं कॅलेंडर हलतं.
आणि चाचीच्या निरोपामागे, पहिल्यांदाच,
टकटकटक. थांबणं. टकटकटकटक.
सहा वेळा ऐकला तोच निरोप :
डाळ संपली, नळाचा वॉशर बदलला, आणि मागे ते.
विचारलं, आपल्या पडवीत मशीन कुणाचं चालतं गं?
गप्प. मग म्हणाली, माझं.
दोन वर्षं झाली. शाळेचे गणवेश शिवते.
वाटलं होतं विचाराल, आवाज येतच होता की.

येत होता.
नऊशे बैशांत येत नव्हता.

आता त्याची खोड. चौदा महिन्यांत डावा
डबीत ठेवला तरी चार्ज घेईना.
आणि सगळं पुसल्यावर एक बारीक शिट्टी उरते.
वॉरंटीचा कागद घेऊन दुकानात गेलो.
काउंटरवरच्या मुलीने पुसून स्वतःच्या कानात घातला,
डोळे मिटले, म्हणाली, सर, इथे शिट्टी नाही.

कंपनीच्या दवाखान्यात काचेच्या खोलीत बसवलं.
आवाज आला की बटण दाबा.
बराच वेळ बटणावर बोट ठेवून बसलो.
कागदावर डाव्या कानाची रेघ
चार हजारांपाशी खाली उतरते, विहिरीत उतरावं तशी.
कंप्रेसर हाउसची अकरा वर्षं, जुबैल धरून.
मफ दिले होते. खुंटीवर होते.

म्हणजे चौथाही एक जोड आहे या तुलनेत.
बनावट म्हसळ्याची, साल ऐंशी.
कधी टोचला नाही. सुटे भाग मिळत नाहीत.

तू स्पंजाचा घे, वायरवर कापडी विणकाम बघून घे,
आवाज निम्म्यावर ठेव.
कामावर मफ लाव, पोरं हसली तरी.
आणि एकदा कुणाचा तरी महागडा मागून आण,
अम्मीचा निरोप ऐक, शब्द सोडून.

मी आता डाव्या कुशीवर झोपतो, उजव्यात बिजूमोन.
चाचीला सांगितलंय, मशीन थांबवू नकोस, चालवत बोल.
काल टाका जड पडत होता, अडखळत.
म्हटलं, जीन्स?
जीन्सच होती.